मधली रेघ

“मशीनचं कुठलं ते मी हात लावून सांगतो,” मास्तर म्हणाले, आणि ग्राफवर चालणारी माझी पेन्सिल जागीच थांबली.

समोर प्रणीत उभा होता. आमच्या मालकांचा, अंबादासशेटचा मुलगा. पुण्यात शिकून सोलापूरला परत आलेला. तो वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगते, कारण गोष्टीत मालकाचा मुलगा आला की वाचणारे त्याला वाईट ठरवून मोकळे होतात. तो आमच्याशी अहो-जाहो करायचा, चहा मागवला की आमच्यासाठीही मागवायचा. एवढंच की त्याला सगळ्याच गोष्टी लवकर व्हायला हव्या असायच्या.

“हात लावून?” तो हसला. “डोळ्यांनी बघा की मास्तर. मी कुठं पट्टी बांधतोय तुम्हाला?”

“डोळ्यानं काय, कुणीबी सांगंल.”

“ठरलं मग. उद्या अकरा वाजता सँपल रूममध्ये तीन चादरी ठेवतो. त्यातली एक कॉम्प्युटरच्या नव्या मशीननं काढलेल्या डिझाइनची. ती ओळखलीत, तर डिझाइन खातं आहे तसं राहील. पप्पांसमोर सांगतो, वाटल्यास लिहून देतो.”

“आणि न्हाई ओळखली तर?”

“तर तुम्ही आराम करायचा. बत्तीस वर्षं झाली, मास्तर. शाल, श्रीफळ, सगळं व्यवस्थित करू.”

“अन् ही?” मास्तरांनी माझ्याकडे मान वळवली. म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं, तिकडं वळवली.

“ताईंचं बघू,” प्रणीत म्हणाला आणि गेला.

डिझाइन खातं म्हणजे दोन माणसं. मल्लेशम गुंडेटी, ज्यांना सगळा कारखाना मास्तर म्हणायचा, आणि मी, जयमाला ढावरे, ग्राफ भरणारी. कागदावर बारीक चौकोन छापलेले असतात, त्यांना आम्ही घरं म्हणतो. एक घर म्हणजे एक धागा. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी असा घराघरांनी कागदावर भरावा लागतो, मग त्यावरून माग चालतो. मी दहावी नापास. हे काम मला कुणी वर्गात शिकवलं नाही. मास्तरांच्या मागं उभी राहून शिकले, आणि शिव्या खाऊन शिकले.

मास्तरांचे नियम दोन. कागद पुढ्यात घेतला की पहिल्यांदा मधली रेघ मारायची. डावीकडं नक्षी काढायची, उजवीकडं तीच उलटवायची. मधली रेघ चुकली तर सगळी चादर वाकडी. दुसरा नियम, वरून जाणारा धागा सात घरांपेक्षा जास्त मोकळा सोडायचा नाही. मध्ये कुठंतरी त्याला दाबून धरायचा. नाहीतर झोपलेल्या माणसाच्या पायाचं बोट त्यात अडकतं. “लोक चादर बघायला घेत न्हाईत, पांघरायला घेत्यात,” मास्तर म्हणायचे. त्यांची सगळी विद्या मला या दोन वाक्यांत मिळाली. बाकी सगळं हातात होतं, आणि हात काही उसना मिळत नाही. मी मात्र तो उसना घेतला होता.

ते असं. मास्तरांना काचबिंदू होता. पाच वर्षांपासून त्यांची नजर कडेकडेनं विझत आली होती. नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसायचं, तेही धुरकट. ते भिंग घेऊन बसायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “मधली रेघ मार. कमळ घे. खाली वेल टाक.” बाकी सगळं मी काढायचे. चादरीच्या टॅगवर नाव त्यांचं यायचं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी स्वतःला सांगायचे. शेटना कळलं असतं तर मास्तरांना घरी बसवलं असतं, आणि मास्तर नाहीत तर ग्राफ भरणारी कशाला, म्हणून मलाही. दोघांचं पोट एका खोट्यावर चाललं होतं. ते खोटं नीट चालावं म्हणून मी पाच वर्षं एकेक पान मास्तरांसारखं काढत होते.

प्रणीत गेल्यावर मी दार लोटलं.

“काय करून बसलात हे?”

“का?”

“दिसतं का तुम्हाला? खरं सांगा. ही बोटं किती?”

“बोट दाखवू नको मला,” मास्तर म्हणाले. “अगं, तीस वर्षं मी ह्या कापडाला हात लावतोय. धागा बोलतो. मशीनला काय हात हाय का?”

“मशीनला तुमच्याच चादरी दाखवल्यात. नऊशे चाळीस. फोटो मीच काढलेत.”

हे खरं होतं. दोन महिन्यांपूर्वी प्रणीत म्हणाला, ताई, सगळ्या सँपलचे नीट फोटो काढा, रेकॉर्ड ठेवायचंय. मी आठ दिवस फोटो काढत बसले. एकेक चादर झटकायची, टेबलावर पसरायची, चारी कोपरे ओढायचे. फोटो स्वच्छ यावेत म्हणून खिडकीची काचसुद्धा पुसली. ते रेकॉर्ड कुणाला दाखवायचंय हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

“बघू दे की,” मास्तर म्हणाले. “बघून काय व्हतंय? तू बी बघितलंसच की.”

“आणि तीनमधली एखादी माझी असली तर?”

ते हसले. “तुझं म्हणजे माझंच की, अम्मा.”

घरी ते तेलुगू बोलायचे. रागात नसले की मला अम्मा म्हणायचे. आम्ही डबा खाल्ला. त्यांच्या डब्यात अंबाडी होती, त्यातली अर्धी त्यांनी माझ्या झाकणात वाढली, आणि थोडी टेबलावर सांडली. मी पुसून घेतली. विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी सँपल रूममध्ये आम्ही चौघं होतो. अंबादासशेट खुर्चीवर, घामेजलेले, मनातून या प्रकाराला कंटाळलेले. प्रणीत उभा. टेबलावर तीन चादरी घडी उलगडून ठेवलेल्या, टॅग काढलेले. मी दारापाशी.

मी एका नजरेत बघितलं. पहिली हत्तींची, जुनी, मास्तरांची. मधली मोरांची, कधी न पाहिलेली. तिसरी वेलीची. माझी.

मला वाटलं, बरं झालं. आता मास्तरांना मधली तेवढी ओळखायची आहे. आपण दोघं मिळून दोन आहोत, ते एकटं आहे.

“बसून बघा मास्तर,” शेट म्हणाले. “घाई न्हाई.”

मास्तर बसले नाहीत. त्यांनी भिंगही काढलं नाही. पहिल्या चादरीवर पंजा ठेवला आणि लहान पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला.

“हत्ती. हे माझं. शेट, तुमचे वडील होते तवा. सोंड वर घे म्हणाले, मी न्हाई घेतली. दोन दिवस बोलले न्हाईत माझ्याशी.”

शेट हसले. “बरोबर.”

मास्तर मधल्या चादरीकडं गेले. हात फिरला, थांबला, परत मागं आला. मोराच्या मानेवर त्यांचं बोट वरखाली जात राहिलं. किती वेळ, मी मोजला नाही. मग ते असे हसले, की तसं हसताना मी त्यांना पाच वर्षांत बघितलं नव्हतं.

“हे कवा काढलं मी?” ते म्हणाले. “आठवंना झालंय. पण बघा की, ही मान बघा! एका दमात उतरलीय. कुठं अडकली न्हाई. तवा हात असा चालायचा माझा, शेट. भूक लागायची न्हाई दिवसभर.”

प्रणीतनं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. मी खोकले. मास्तरांनी ऐकलं असणार, पण ते त्या मोरात होते.

“म्हणजे राहिली ही,” त्यांनी तिसरीवर हात टाकला. “हे मशीनचं.”

“नक्की?” प्रणीत.

“नक्की म्हणजे! आता बघा, हिच्यात चूक न्हाई. रेघ बरोबर, धागा बरोबर, सगळं बरोबर. पण भिऊन काढलंय. दुसऱ्या कुणाचं तरी बघून, चुकंल-चुकंल म्हणत काढलंय. हे पान बघा, ते पान बघा. एक बी पान मोकळं सुटलं न्हाई. माणूस असं काढत न्हाई, शेट. माणूस काढतो तवा थोडा तरी माजतो. ह्याच्यात काढणाराच न्हाई.”

शेट खुर्चीत पुढं सरकले.

“मास्तर,” शेट हळू म्हणाले, “अहो, ती वेल तुमचीच. चार वर्षांमागं मुंबईच्या प्रदर्शनात पहिली आली ती. तुम्हाला शाल घातली. मी होतो की शेजारी.”

मास्तरांचा हात चादरीवरच राहिला.

“मोर मशीनचा आहे,” प्रणीत म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. “चाळीस सेकंदात झाला.”

मग मास्तरांनी मान वळवली, माझ्याकडं. या वेळी बरोबर वळवली. त्यांना कळलं होतं. वेल कुणाची ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आत्ताच म्हणाला होता की तिच्यात काढणाराच नाही.

“हां,” ते म्हणाले. “माझीच असंल मग. वय झालं. विसरायला व्हतंय.”

इथं मी गप्प बसले असते तर सगळं नीट पार पडलं असतं. मास्तर म्हातारे झाले, चुकले, शाल घेऊन घरी गेले. नाव राहिलं. माझंही काहीतरी बघितलं गेलं असतं. पाच वर्षं गप्प होते, अजून पाच मिनिटं काय अवघड होतं?

“वेल माझी आहे,” मी म्हणाले.

“काय?” शेट.

“मी काढलीय ती. पाच वर्षांतलं सगळं मी काढलंय. मास्तरांना दिसत नाही.”

“पोरीचं डोकं फिरलंय,” मास्तर म्हणाले. आवाज चढला. “गप बस जयमाला! काय बोलालीस कळतंय का?”

“कळतंय. डाव्या बाजूला खालून नववं पान मोजा. बाकी सगळी पानं सात घरं रुंद आहेत, ते सहाचं आहे. त्या दिवशी माझ्या हातून चुकलं, आणि तुम्हाला सांगायची भीती वाटली म्हणून तसंच पुढं रेटलं. उजवीकडंही सहाच निघेल, कारण उलटवलंय. मोजा की.”

प्रणीतनं मोजलं. सँपल रूममधलं मोठं भिंग घेऊन, चादर डोळ्यांजवळ धरून, बोटानं धागे वेगळे करत मोजलं. मग उजवीकडं मोजलं. मग चादर खाली ठेवली.

“सहा,” तो म्हणाला.

शेट मास्तरांकडं बघत होते. “मास्तर, ती शाल…”

“घरी हाय,” मास्तर म्हणाले. “उद्या आणून देतो.”

“तसं न्हाई ओ म्हणत मी…”

“आणून देतो म्हणालो न्हवं.”

मला वाटलं होतं की मी बोलले की काहीतरी कोसळेल किंवा काहीतरी उभं राहील. यातलं काही झालं नाही. प्रणीत टेबलाच्या कडेला टेकला आणि खरोखर विचार करत बोलला. तो बोलला ते मी शब्द न शब्द सांगू शकते, कारण त्याला द्यायचं उत्तर मी पुढं कित्येक वर्षं शोधत होते.

“ताई, राग मानू नका. पण मग ह्याचा अर्थ काय झाला? तुम्ही पाच वर्षं मास्तरांची नक्कल केलीत. मशीननंही मास्तरांचीच नक्कल केली. आणि मास्तरांनी स्वतः दोन्हींवर हात ठेवून सांगितलं की मशीनची जास्त जमली. मग मी काय करू? तुम्हीच सांगा. माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

हवं तर म्हणता आलं असतं की त्या मोराची मान कुठून आली, ती मास्तरांच्या हातातून आली, तुझ्या कॉम्प्युटरमधून नाही. की फोटो तू फसवून काढून घेतलेस. हे सगळं खरं होतं. पण त्यानं विचारलं होतं वेगळंच, आणि त्या प्रश्नात तो बरोबर होता. मला राग आला तो त्याच्या बरोबर असण्याचा.

“तुमचा डोळा चांगला आहे,” तो पुढं म्हणाला. “मशीन दिवसाला दोनशे डिझाइनं काढतं. त्यातलं चांगलं कुठलं ते निवडायला माणूस लागेल. बसाल?”

मी हो म्हणाले. लोकांना ऐकायला आवडेल की मी ती नोकरी त्याच्या तोंडावर फेकली. नाही फेकली. घरी दोन पोरं होती आणि नवरा नव्हता. तीन वर्षं मी त्या पडद्यासमोर बसून चांगलं-वाईट करत राहिले. नंतर मशीन तेही माझ्याकडं बघून शिकलं आणि मला पॅकिंगला पाठवलं. पण ते पुढचं.

त्या दिवशी मास्तर फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. हातात डबा आणि भिंगाची पिशवी. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी चाहुलीवरून ओळखलं.

“नाव घालवलंस माझं.”

“तुमचं नाव पाच वर्षं माझ्याच हातावर चाललं होतं.”

“व्हय,” ते म्हणाले. भांडायला काही उरलंच नाही. एक रिक्षा आली, भरलेली होती, गेली.

“तो मोर,” मास्तरांनी विचारलं, “चांगला होता का गं खरंच? का माझं बोटच भरमलं?”

“चांगला होता.”

“माझ्यापेक्षा?”

“तुमच्या अलीकडच्या कामापेक्षा.”

“अलीकडचं काम माझं न्हाई,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. कुणी शेजारच्या गावचा पत्ता सांगावा आणि आपण लक्षात ठेवावा, तशी.

“अन् तुझी वेल?”

“भिऊनच काढलेली होती.”

“मी म्हणालो तवा वाईट वाटलं?”

“वाटलं.”

“माझ्या भीतीनं काढलीस. मी काय वाघ हाय?” रिक्षा थांबली. आत बसताना त्यांचं डोकं दांडीला लागलं, मी हात पुढं केला तो त्यांनी झटकला. “जा कामाला. शेट बोंबलंल.”

पुढच्या हिवाळ्यात मी एक डिझाइन काढलं. पडद्यासमोरची डबा खायची अर्धी सुट्टी त्यासाठी वापरायचे, जुन्या ग्राफच्या कागदावर. मधली रेघ मारली नाही. सवयीनं पट्टी दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली. काय काढलं ते सांगणं अवघड आहे. आमच्या गल्लीतल्या नळावरची भांड्यांची रांग होती. एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला बराच भाग मोकळा, कारण तिथं बायका भांडत असतात आणि तिथं कुणी भांडं ठेवत नाही. उलटवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मागावरचे उभे धागे संपत आले की शेवटी चारपाच हात उरतात. त्यात पूर्ण माल निघत नाही. त्यावर कामगार आपापलं काहीबाही विणून घेतात, मालक बघून न बघितल्यासारखं करतात. रफिकभाईंच्या मागावर असा शेवट उरला होता. त्यांना मी कागद दिला.

“हे काय आहे आपा? सुलटं कुठलं, उलटं कुठलं?”

“विणा हो.”

“लोक मला हसतील.”

“मलाही हसतील. अर्धे अर्धे घेऊ.”

चादर निघाली. आखूड, एका बाजूला जड, दुसरीकडं पातळ. कारखान्यात ज्यांनी बघितली त्यांनी तोंडं वाकडी केली. एक बाई म्हणाली, धुतल्यावर सरळ होईल. नाही झाली.

ती घेऊन मी मास्तरांकडं गेले. त्यांना तोवर काहीच दिसेनासं झालं होतं. ओट्यावर उन्हात बसले होते. सून आत भांडी घासत होती. मी काही न बोलता चादर त्यांच्या मांडीवर ठेवली.

हात फिरला. सवयीनं पहिल्यांदा मधली रेघ शोधली. सापडेना. परत शोधली. मग बोटं कडेला गेली, गर्दीत शिरली, तिथून मोकळ्या जागेत आली आणि तिथं एक बोट अडकलं.

“किती सोडलीस?”

“अकरा घरं.”

“गाढव,” मास्तर म्हणाले. “सात सांगितलं होतं. बोट अडकंल की पायाचं.”

“चुकून झालं.”

“चुकूनच व्हतंय. मुद्दाम कोण करतंय.” त्यांनी चादरीचं वजन हातावर तोललं. “बेकार झालीय.”

“हो.”

“कुणी घेणार न्हाई.”

“नाही घेणार.”

आतून सुनेनं विचारलं, कोण आलंय. ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून खाली सरकत होतं, आणि चादरीचा जड भाग त्यांच्या एका बाजूला लोंबत होता.

“फोटो काढलास ह्याचा?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“काढू नको, अम्मा.”

बोट अजून अडकलेलंच होतं. त्यांनी ते सोडवलं नाही.